शिक्का न बसलेला कागद

मी एक कागद बोलतोय. साधासुधा नाही हं, नर्सिंगच्या पदविकेचा! छापून निघालो तेव्हा कडक करकरीत होतो आणि तळाशी रजिस्ट्रारची निळी सही होती. घरी आलो त्याच दिवशी माझ्यावर जिचं नाव होतं त्या मुलीच्या वडिलांनी मला लॅमिनेट करून आणलं. वडील शिंपी.

"आता पाणी सांडू दे नाहीतर चहा, आमच्या नर्सबाईंच्या कागदाला काही होत नाही!"

मी जरा गुदमरलो, पण मायेपुढे बोलणार कोण?

चार वर्षं कपाटात पडून होतो. मग मुलीला परदेशातल्या इस्पितळात नोकरी लागली. दोन महिन्यांत हजर व्हायचं होतं, आणि तिकडे मला खरा मानायचा तर पाठीवर आपल्या सरकारचा शिक्का हवा होता. बापलेक मला घेऊन कचेरीच्या खिडकीशी गेले. कारकुनाने मला नखाने टकटक वाजवून पाहिलं.

"प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. सोलून आणा, नाहीतर दुसरी प्रत काढा."

"अहो, जपायला म्हणून केलं हो."

"सगळे तेच म्हणतात. चला, पुढचे कोण?"

घरी वडिलांनी माझ्यावर कोमट इस्त्री फिरवली आणि हलकेच प्लास्टिक ओढलं. उभा जन्म कापड हाताळलेला माणूस तो, पण कागदाची जात वेगळी. प्लास्टिकबरोबर माझी सहीच निघून आली. वडिलांनी इस्त्री बाजूला ठेवली.

"माझ्यामुळे अडलं गं तुझं."

मुलीने प्लास्टिकला चिकटलेली सही परत जागेवर लावून पाहिली. तेच त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाला कुलूप आणि विद्यापीठाचे खेटे. अर्ज द्या, प्रतिज्ञापत्र आणा, साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. सहाव्या आठवड्यात दुसरी प्रत हातात पडली. ती रुमालात धरून त्यांनी कचेरीत नेली आणि शिक्का मारून आणली. मुलगी वेळेत गेली. त्या प्रतीचा मला राग नाही. कामाची तीच होती.

आता मी अर्धवट सोललेला, टेबलावर पडून. परवा आई मला फाडायला निघाली, तर वडिलांनी तिचा हात धरला.

"राहू दे. एक सांगू? खिडकीवरचा तो माणूस नाही म्हणाला ना, तेव्हा क्षणभर बरं वाटलं होतं मला. म्हटलं, राहिली पोर घरी."

आईने मला हाताने सपाट केलं.

"मला तर दोन दिवस बरं वाटलं होतं," ती म्हणाली, आणि मला घडी न घालता खणात ठेवलं.