ऑक्टोपसबाईचं हसू

हसायला भाषा लागत नाही, असं कार्टून कंपनीचं म्हणणं होतं.

सासूबाईंना जेवताना टीव्ही लागतो, आणि मोठ्याने लागतो.

रेकॉर्डिंगच्या खोलीत पोट गुरगुरलं तरी माईकला ऐकू जातं.

ऑक्टोपसला दात नसतात. या ऑक्टोपसला होते. पांढरेशुभ्र, अमेरिकन.

तर झालं असं. ती डबिंग करायची. अमेरिकन कार्टूनमधल्या दुष्ट ऑक्टोपसबाईला ती कित्येक वर्षं आपल्या भाषेत बोलतं करत होती. टोमणे, धमक्या, लाडीगोडी, सगळं तिच्या घशातून. हसणं, रडणं आणि उसासे मात्र मूळ नटीचे. नियमच तसा. एका संध्याकाळी भाजीची वाटी पुढे ओढत सासूबाई म्हणाल्या, "ही बया भांडते आपल्यासारखी आणि हसते पाहुण्यासारखी. मध्येच दुसरी कोणी अंगात येते का हिच्या?"

ते तिला झोंबलं, कारण खरं होतं. जगभर ती बया ज्याच्या त्याच्या भाषेत भांडत होती आणि एकाच घशातून हसत होती.

तिने रेकॉर्डिस्टच्या मागे भुणभुण लावली. त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याने कंपनीला पटवून एक संधी मिळवली. नमुना आजच पाठवायचा. पसंत पडला तर यापुढे हसू तिचं, नाहीतर विषय कायमचा बंद.

ती सासूबाईंनाही स्टुडिओत घेऊन आली. "नावं ठेवलीत ना, आता समोर बसून ऐका."

काचेपलीकडच्या सोफ्यावर त्या ऐसपैस बसल्या. अलीकडे माईकसमोर ती. पडद्यावर ऑक्टोपसबाईने जबडा उघडला आणि इकडे ही हसली. खणखणीत, लांबलचक.

हेडफोनमध्ये कानसेन खाकरला. "ताई, हे तर त्या मूळ नटीचंच झालं. हुबेहूब."

ती वरमली. पुन्हा हसली. पुन्हा तेच. वर्षानुवर्षं कानांवर पडलेलं ते हसू आता तिच्या घशात बिऱ्हाड करून बसलं होतं. स्वतःचं आठवायला गेली, तर चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधावा तशी गत. मुद्दाम नाकातून हसून पाहिलं. ते शिंकेसारखं आलं.

"चहा घेऊ या का?" कानसेन म्हणाला. त्याच्या आवाजात सांत्वन होतं, म्हणून ती आणखी घाबरली.

"नको. चालू कर."

लाल दिवा लागला. पडद्यावर जबडा उघडायच्या बेतात. तेवढ्यात हेडफोनमध्ये खरखर झाली आणि सासूबाईंचा आवाज आला. "सूनबाई, याने मला बटण दाखवलंय. दाबलं की मी बोलायचं आणि तू नुसतं ऐकायचं. अगं, एवढी सोय होती, तर लग्नातच का नाही आणलंस हे?"

आधी तिचा श्वास आत ओढला गेला. मग नाकातून एक फुसकारा, आणि मग पोटातून जे सुटलं ते थांबेचना. ती स्टँडला धरून वाकली. पडद्यावरचा जबडा केव्हाच मिटला होता, ही हसतच होती. काचेपलीकडे सासूबाईंचा अंगठा अजून बटणावरच, त्यामुळे त्यांचंही खुदखुदणं तिच्या कानात.

"तोंड जुळत नाही," कानसेन डोळे पुसत म्हणाला. "पण थोडं अलीकडे ओढतो, शेपूट कापतो. बसेल."

बसलं. तोंड त्यांचं, पोट हिचं. कंपनीचं उत्तर एका ओळीचं आलं: चालेल, आणि उसासेही करून पाठवा.

तो भाग घरच्या टीव्हीवर लागला तेव्हा सासूबाईंच्या ताटात अर्धी पोळी उरली होती. ऑक्टोपसबाई हसली. ही श्वास रोखून बघत राहिली. सासूबाईंनी या वेळी मानसुद्धा वर केली नाही. पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि म्हणाल्या, "मीठ दे जरा."

तिने मीठ दिलं आणि अगदी पोटभर जेवली.

कित्येक वर्षांपूर्वी, या भूमिकेच्या चाचणीच्या दिवशी पाच जणी आल्या होत्या. हसून दाखवायला कोणालाच सांगितलं नव्हतं.