बॅटरी बसली

आमच्या घरात कुठलंही काम निघालं की बाबांचं एकच उत्तर असतं, "होतंय की." नळ गळतोय? होतंय की. गीझरचा स्विच गरम होतोय? होतंय की. मग ते काम महिनाभर होत राहतं आणि शेवटी मी चिडून बाहेरचा माणूस बोलावते. एकतीस वर्षं एमआयडीसीतल्या कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलेल्या या माणसाने स्वतःच्या दारावरची बेल दुरुस्त करायला आठ महिने घेतले. तेव्हा रविवारच्या ट्रायलसाठी माझ्या जीपमध्ये मोठी बॅटरी बसवायचं काम मी त्यांच्यावर का सोडलं, हे मला विचारू नका. मी स्वतःलाच आठवडाभर तेच विचारत होते.

ट्रायल म्हणजे कर्जतच्या पुढे दगड, चिखल आणि ओढ्यातून गाडी काढायची स्पर्धा. बायकांच्या गटात फक्त बारा गाड्या घेतात. मागच्या वर्षी मला जागा मिळाली, ओढ्याच्या मधोमध मी रुतले, गाडी ओढून काढायला पुढचं विंच, म्हणजे बॅटरीवर चालणारं दोराचं यंत्र, चालू केलं, आणि जुनी एवढीशी बॅटरी बसली. शेवटी ट्रॅक्टर आणून मला बाहेर काढलं. तेव्हापासून क्लबात माझं नावच 'बसली' पडलं. ट्रायल भरवणारा निखिल तर फोन उचलताच म्हणायचा, "बोल गं बसली." हसायचे मी, पण आतून जळायचे. या वर्षी पुन्हा बारांत नाव लागलं तेव्हा मी एकच ठरवलं होतं. विंच चालवायचं आणि स्वतःच्या बळावर बाहेर यायचं.

त्यासाठी दुप्पट ताकदीची बॅटरी घेतली. दुकानदाराने बॉनेट उघडलं, खालच्या ट्रेकडे बघितलं आणि हात वर केले. "ताई, ट्रे लहान पडतोय. बाहेरून करून घ्या."

"माझ्यावर सोड," बाबा म्हणाले.

मार्चमध्ये रिटायर झाल्यापासून बाबा एकच पेपर दिवसातून दोनदा वाचतात. तो दुसऱ्यांदा वाचायचा पेपर त्यांनी घडी करून बाजूला ठेवला, म्हणून मी हो म्हटलं. एरवी म्हटलं नसतं.

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पाना जरी वाजला तरी सेक्रेटरी खाली येतो. म्हणून जीप गेली बोनकोड्याला, वामनकाकांकडे. वामनकाका मूळचे गावातले. पूर्वी भातशेती होती, आता तीन मजली बिल्डिंग आणि भाडेकरू. पण तळमजल्यावर त्यांनी एक शेड स्वतःसाठी ठेवली आहे. वेल्डिंग मशीनपासून बैलगाडीच्या जुन्या आसापर्यंत सगळं तिथे सापडतं. बाबांची आणि त्यांची दोस्ती कंपनीच्या गेटवरची, वीस वर्षांपूर्वीची.

सोमवार गेला चहात. मंगळवारी दोघांनी मापं घेतली आणि पुन्हा चहा घेतला. बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर शेडवर गेले आणि बॉनेट उघडून बघते तर काय! बॅटरी जुन्या ट्रेवर अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि वरून सायकलची जुनी ट्यूब आवळून बांधलेली. ऊसवाल्याने मोळी बांधावी तशी.

"हे काय आहे?"

"तात्पुरतं," बाबा म्हणाले. "अंदाज घेतोय."

"बाबा, तपासणीला माणूस दोन्ही हातांनी बॅटरी धरून हलवतो. बोटभर जरी हलली तरी गाडी बाहेर काढतात. आणि दगडात ही उडून प्लसचं टोक बॉनेटला लागलं तर काय होतं, हे इलेक्ट्रिकलवाल्याला मी सांगायचं?"

"टेन्शन नको घेव," वामनकाका म्हणाले. "लाकराची पाचर मारू. बाजूशी हलनारच नाय. आमी बैलगाडीला मारायचो."

"काका, ही बैलगाडी नाहीये!"

मग माझं लक्ष वायरींकडे गेलं. नव्या बॅटरीचं प्लस उजवीकडे, जुनीचं डावीकडे होतं. लाल वायर तिथवर पोचत नव्हती, आणि बाबांनी ती मायनसच्या शेजारी आणून लोंबकळत ठेवली होती. माझं डोकंच सटकलं.

"उलटी जोडलीत ना, तर वायरिंग तर जाईलच, वर ही नवी पण बसेल! मग मी रविवारी काय करू? ढकलत नेऊ?"

खिशातून रुमाल काढून बाबांनी हात पुसले, एकेक बोट करत. वामनकाकांची आई, गोजराआजी, दारात बसून वाल सोलत होती. ती म्हणाली, "बापाशी असा बोलतान का गो?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि निघाले.

गुरुवारी मला वेळ नव्हता. ऐरोलीच्या ऑफिसात ऑडिट चालू होतं. रात्री जेवताना विचारलं, "कुठवर आलं?" उत्तर तुम्हाला माहीतच आहे. होतंय की.

शुक्रवारी पावणेपाचला निखिलचा फोन आला. या वेळी त्याने 'बसली' म्हटलं नाही, म्हणजे काम गंभीर होतं.

"ऋता, पाचला यादी फायनल करतोय. तुझी गाडी रेडी आहे ना? नसेल तर आत्ताच सांग. घणसोली गावातली सोनल वेटिंगला आहे, पोरीने सकाळपासून चार फोन केलेत. तू ऐन वेळी आली नाहीस तर तिचीही जागा फुकट जाईल."

"दहा मिनिटं दे," म्हटलं आणि बाबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. मग मेसेज टाकला, 'बॅटरीचं काय झालं?'

बाबा एका बोटाने टाइप करतात. तीन मिनिटांनी उत्तर आलं. एकच शब्द.

'बसली.'

मी तो शब्द बघतच राहिले. बुधवारी मी जे म्हटलं होतं, अगदी तेच झालं होतं. उलटी जोडली असणार. नवी कोरी बॅटरी, आणि बसली! एवढं सांगूनही! पुन्हा फोन लावला, उचलला नाही. का उचलतील? तोंड दाखवायला जागा नसणार. खात्री म्हणून वामनकाकांना लावला, तर तो उचलला गोजराआजीने.

"आजी, ऋता बोलतेय. बॅटरीचं काय झालं?"

"बसली गो बाय, बसली. झाला सगला. दोगं चाय प्याला गेलं."

झाला सगला. आणि हे दोघं चहा पितायत! माझ्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरलं आणि यांना चहा सुचतोय!

पाचला पाच कमी असताना मी निखिलला सांगून टाकलं. "माझं नाव काढ. सोनलला दे."

"का गं? काय झालं?"

"बसली," मी म्हटलं. त्याला हसू आलं असेल, पण तो हसला नाही. ते जास्त लागलं.

ऐरोलीहून बोनकोड्यापर्यंत मी रिक्षात बसून भाषण तयार केलं. बेलपासून सुरुवात करणार होते. मग गीझर, मग नळ, मग आई असताना अर्धवट राहिलेलं माळ्यावरचं वायरिंग. एकूण एक पाढा वाचणार होते. शेडमध्ये शिरले तेव्हा बाबा जीपला टेकून उभे होते. बनियनवर होते, शर्ट खिशातल्या फोनसकट खुंटीला टांगलेला. चेहऱ्यावर असं हसू, की माझा पारा आणखी चढला.

"हसताय काय, बाबा? लाज..."

"आधी हलव," त्यांनी बॉनेट उचललं.

आत बघितलं आणि मी भाषण विसरलेच.

जुना ट्रे नव्हताच. त्या जागी लोखंडी अँगलचा नवा, मोठा ट्रे वेल्ड करून काळ्या रंगात रंगवलेला. तळाला जाड रबर. बॅटरीच्या डोक्यावरून एक पट्टी आणि दोन्ही बाजूंनी लांब बोल्ट, त्यांना डबल नट. पट्टी बॅटरीला घासू नये म्हणून तिच्यावर सायकलची ट्यूब चढवलेली, तीच बुधवारची, नीट कापून. लाल वायर नवी, हवी तेवढी लांब, आणि प्लसच्या टोकावर रबराची टोपी.

मी दोन्ही हातांनी बॅटरी धरली आणि जीव खाऊन हलवली. अख्खी जीप स्प्रिंगवर डुलली. बॅटरी हलली नाही.

"गुरुवारी रातभर झोपला नाय तुजा बाप," वामनकाका म्हणाले. "सकाली सातला हितं हजर. मी बोललो पाचर मारू, तर माज्यावरच खवालला. 'माझी पोरगी दोन हातांनी हलवून बघणार आहे' बोलला."

"तुम्ही... तुम्ही तर लिहिलं होतं, बसली."

"मग? बसली की. फिट्ट बसली!" बाबांनी बॅटरीवर थाप मारली. "तुला लगेच कळवावं म्हणून हातात पाना असतानाच टाइप केलं. नाही तर म्हणशील, बाबा उत्तर देत नाहीत."

मग मी पुढचं सांगितलं. निखिलचा फोन, पाचची यादी, सोनल. सगळं. वामनकाकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या आईकडे. गोजराआजीला काय घोटाळा झाला ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मी बोललो बसली, तं ती बसली कशी बसली गो?"

कुणीच हसलं नाही. बाबा हळूच खाली बसले, वेल्डिंग मशीनच्या खोक्यावर.

"म्हणजे माझा एक 'व' राहिला," ते म्हणाले. "बसवली लिहायला हवं होतं. ध चा मा झाला."

"नाही, बाबा. मी..."

"पण ऋता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन्ही अर्थ होते ना? मग तुला एकच का सुचला?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. आठ महिने बंद राहिलेल्या त्या बेलने माझ्यासाठी उत्तर कधीच देऊन ठेवलं होतं. हा माणूस माझ्यासाठी रात्रभर जागा राहील, ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती. लाज कुणाला वाटायला हवी होती, हे आता कळत होतं. मला मनापासून वाईट वाटलं, आणि तसं मी सांगितलंही, मोडकंतोडकं. ते नुसते "हं" म्हणाले.

निखिलला फोन लावला. सोनलचं नाव लागलं होतं, ती आनंदाने रडली म्हणे. आता जागा तिच्याकडून काढून घे असं म्हणायला माझं तोंड नव्हतं. "तुला वेटिंगला पहिली ठेवतो," निखिल म्हणाला. "कुणाची गाडी बसली तर कळवतो."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी मान वर केली. "आता ही 'बसली' दोन्हींतली कुठली?" त्यांनी विचारलं, आणि वामनकाकांना एकदाचं हसू फुटलं.

मी बॉनेट लावलं, किल्ली घेतली आणि दार उघडलं. "बाबा, बसा."

"कुठे?"

"गाडीत."

घणसोलीकडे जाणारा रस्ता पाइपलाइनसाठी महिनाभरापासून खणून ठेवलाय. एरवी मी त्याला शिव्या घालत कडेकडेने जाते. त्या संध्याकाळी एकही खड्डा सोडला नाही. बाबा एरवी शेजारी बसले की दर दहा सेकंदांनी "हळू" म्हणतात. ते एकदाही म्हणाले नाहीत. डोकं टपाला आपटलं तरी त्यांचे कान बॉनेटकडेच लागलेले.

रस्ता संपला तिथे मी गाडी थांबवली, उतरून बॉनेट उघडलं आणि दोन्ही हातांनी हलवून बघितलं. ते आतच बसून होते, काचेतून माझ्याकडे बघत.

"नाही हलली, बाबा," मी ओरडून सांगितलं.

"माहीत होतं मला," ते म्हणाले.