नाव घातलेले डबे

"अहो, डझनभर घेतले तर नाव फुकट घालून देतोय भांडेवाला," सुहासिनी म्हणाली. "नंतरच्या धावपळीत कोण बघणार? तेराव्याला वाटायला लागतीलच."

श्यामकांतनं मान डोलावली. नाही म्हणणं त्याला ऑफिसात कधी जमलं नव्हतं, घरात कुठलं जमायला! त्याची आई, कृष्णाबाई, दवाखान्यात निपचित पडली होती. पितळेच्या डब्यातली आमसुलं कळकली होती. एकादशीला त्यांचं सार ती एकटीच प्यायली आणि उलट्यांनी पार गळून गेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

डब्याची कल्हई उडालीय, असं ती बिचारी वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. पण कल्हईवाला मुलुंडच्या त्यांच्या बिल्डिंगखाली आला, की सुहासिनी त्याला गॅलरीतूनच पिटाळायची. धुरानं भिंती काळ्या होतात म्हणे! आमसुलांची चिनी मातीची बरणी लोणच्याला हवी म्हणून रिकामी केली तीही तिनंच, आणि आमसुलं त्या डब्यात कोंबली तीही तिनंच. म्हाताऱ्या डोळ्यांना हिरवट डाग काय दिसणार? दोष मात्र लागला पितळेला आणि सासूच्या जुनी भांडी न सोडण्याच्या खोडीला.

स्टीलचे डबे आले, आणि कसलं काय, म्हातारी खडखडीत बरी झाली!

सुहासिनी वाया घालवणारी बाई नव्हे. तिनं पितळ मोडीत घातलं आणि नव्या डब्यांत डाळी, कडधान्यं भरून ते फळीवर लावले. "आत्तापासून वापरले तर काय झिजतात थोडेच?" ती म्हणाली. श्यामकांतनं पुन्हा मान डोलावली.

घरी आल्यावर कृष्णाबाई भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली. एक डबा तिनं डोळ्यांशी नेला. तिला सहीपुरतीच अक्षरं येत होती.

"श्याम! माझं नाव रे! सगळ्यांवर माझंच!"

आयुष्यभर तिनं चिंच लावून लावून घासलेल्या भांड्यांवर नावं होती सासूची नाहीतर नवऱ्याची. हिचं नाव चमच्यावरसुद्धा नव्हतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. तिनं सुनेच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

"सासूसाठी एवढं कोण करतं गो? आणि हे आधीचं अक्षर कसलं?"

"कै? ते मानाचं असतं," सुहासिनी म्हणाली. "श्रीमती लावतात ना, तसं."

"आणि मागचं हे लांबलचक?"

"कारखान्याचं नाव."

श्यामकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याची मान डोललीच. दुसऱ्या दिवशी मात्र पिशवीत एक डबा लपवून तो भांडेवाल्याकडे गेला. जमलं तर सगळ्यांवरचं नावाच्या पुढचं-मागचं तेवढं पुसून आणायचं, म्हणजे आईला कधी कळायलाच नको.

भांडेवाल्यानं अक्षरांवरून अंगठा फिरवला. "पितळ असतं तर घासून काढलं असतं, साहेब. हे स्टील आहे. कळकत नाही, गंजत नाही, आणि ह्याच्यावरचं पुसतही नाही."

डबा मुकाट्यानं परत फळीवर गेला. कृष्णाबाई रोज दुपारी तो पुढ्यात घेऊन बसायची आणि नातवाच्या जुन्या पाटीवर काहीतरी गिरवायची.

शनिवारी श्यामकांत लवकर घरी आला होता, तेव्हा पोस्टमन पार्सल घेऊन आला. कोकणातून कृष्णाबाईच्या भावानं आमसुलं पाठवली होती.

"आजी, इथं सही करा."

"थांब हो, आता पूर्ण लिहिते." जीभ दातांत धरून तिनं एकेक अक्षर काढलं.

पोस्टमननं वाचलं. पुन्हा वाचलं. "आजी, अहो, हे काय लिहिलंत? कै. कृष्णाबाई?"

"माझं नाव. मानाचं लावून लिहिलंय. विचार हवं तर ह्याला."

दोघंही श्यामकांतकडे बघू लागले. दाराआडून सुहासिनीही बघत होती. आता तरी बोल मेल्या, असं त्याचं त्यालाच वाटलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

पोस्टमननं कागद घडी करून खिशात घातला आणि मान खाली घालून तो जिना उतरला.

कृष्णाबाईनं पार्सलची सुतळी सोडली. "सुहास, माझा एक डबा रिकामा करून दे गो," ती म्हणाली. "ह्यात कितीही दिवस राहिली तरी भीती नाही."