झाकणावरचा पहिला ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी रंगपेटी आहे आणि मला फडक्याची फार भीती वाटते. हसू नका, कारण ऐका.

दीडशे वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या एका सुताराने आपल्या मुलीसाठी मला घडवले. तिचे नाव सिग्ने आल्मरूट. पुढे ती चित्रकार झाली. गोठलेल्या तळ्याचे तिचे चित्र प्रदर्शनात लागले, तेव्हा लोकांनी वाहवा केली. चार दिवसांनी तेच लोक तिला विसरले. मग ती घरी मुलींना चित्रकला शिकवू लागली. सगळ्यांची बाई झाली, माझीही.

बाईंची एक रीत होती. शिक्षण संपले की मुलीने स्वतः कालवलेल्या रंगाचा ठिपका माझ्या झाकणाच्या आत लावायचा आणि खाली आपले आद्याक्षर लिहायचे. पहिला ठिपका बाईंचा, त्या तळ्याच्या निळ्या रंगाचा. पुढे एक्केचाळीस मुलींचे. बाई गेल्यावर त्यांच्या एका इंग्रज विद्यार्थिनीने मला ब्रिस्टलला आणले. तिच्यामागे मी तिच्या घराच्या लॉफ्टमध्ये पडले ती पडलेच.

यंदा ते घर शशिकांत आणि मंजिरी या पुण्याच्या जोडप्याने घेतले. शशिकांतने मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिले, ‘जुनी पेटी फ्री. शनिवारपर्यंत कलेक्ट करा, नाहीतर टिपवर जाईल.’ टिप म्हणजे कौन्सिलचा कचरा डेपो!

शनिवार उजाडला तरी कोणी आले नाही. मंजिरीने झाकण उघडले.

“शी, केवढे डाग! कोणी आलंच तर अशी कशी देणार?”

तिने फडक्यावर स्पिरिट ओतले आणि कोपऱ्यातला पहिलाच ठिपका घासला. मी ओरडणार कशी? तो गेला. ती दुसऱ्याकडे वळली, तेवढ्यात बेल वाजली.

लेस्टरला गाणे शिकवणाऱ्या लीलावतीबाई आल्या होत्या.

“कुठंय पेटी? सूर नीट लागतात ना?”

“सूर? अहो काकू, ही रंगांची पेटी आहे!”

“अगंबाई! मी आपली हार्मोनियम समजून दोन तास ड्राइव्ह करून आले की गं!”

दोघी खूप हसल्या. मला कसले हसू येणार? काकू निघाल्या म्हणजे मी टिपवर गेले. पण जाता जाता त्या वाकल्या.

“थांब, पुसू नकोस. हे डाग नाहीत. प्रत्येकाखाली अक्षर आहे बघ. कुणाच्या तरी विद्यार्थिनी असणार या. माझ्या मुलीसुद्धा पहिला राग बसला की वहीत सही करतात.”

मंजिरीचा चेहरा उतरला. “आय ॲम सो सॉरी, काकू. एक मी पुसून टाकला. कुणाचा असेल?”

त्या दोघींना ते कळणे शक्य नव्हते. मला ठाऊक होते.

आता मी मंजिरी-शशिकांतच्या दिवाणखान्यात असते. टिप टळली, तरी मंजिरीने फडके उचलले की अजून धडकी भरते. मित्रांनो, जुनी वस्तू पुसण्याआधी एकदा नीट बघा. माझ्या झाकणावर एक्केचाळीस मुली आहेत, पण बाई नाहीत. त्यांचे नाव सिग्ने आल्मरूट होते. तेवढे तुम्ही लक्षात ठेवा.