गल्ल्यातल्या गोळ्या

कडूबाईला कपाट पाहिजे होतं. लोखंडी, आरशाचं, आणि मुख्य म्हणजे किल्लीचं. किल्ली एकच, आणि ती हिच्या कमरेला. लग्न होऊन सोनपेठला आली तेव्हापासून त्या घरात तिची म्हणावी अशी वीतभर जागा नव्हती. पेटी होती एक, पण त्या पेटीत अख्ख्या घराचा हात. तिच्या चांगल्यातल्या पातळात नवऱ्यानं, म्हणजे तात्यारावानं, फवारणीचा पंप गुंडाळून ठेवला होता, आणि वरून विचारलं होतं, "मंग काय उघडा ठिवू?" आता अशा माणसाला काय बोलावं? कडूबाई कपाटासाठी पैसे साठवायला गल्ले घेत गेली.

गल्ल्यांचा तिला भारी नाद. आठवडी बाजारात भाजीला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ ती कुंभारापाशी काढायची. मातीचा गोल गल्ला, आंब्याचा, पोट सुटलेल्या हत्तीचा, पावडरच्या डब्याला चीर पाडून घरीच केलेला, कुणीतरी फुकट वाटलेला प्लॅस्टिकचा बंगला. फळी भरली, मग कोनाडे भरले, मग बाजेखाली रांग लागली. आणि तिचा नेम म्हणजे नेम. दुकानातून सामानाबरोबर जे परत येईल ते घरात पाय टाकल्या टाकल्या गल्ल्यात. त्यातून काढायचं नाही, कुणाला उसनं द्यायचं नाही, आणि काठोकाठ भरल्याबिगर गल्ला फोडायचा नाही.

भानगड अशी, की बाजारात चिल्लर कुणी देतच नव्हतं. बजरंगशेठच्या किराणा दुकानात तर बिलकुल नाही. रुपया परत द्यायची वेळ आली की शेठचा हात गल्ल्याकडं न जाता बरणीत जायचा आणि कागदात गुंडाळलेली गोळी पुढं यायची. "सुट्टे न्हाईत मावशी, गोळी घ्या." बाकीचं जग गोळी तोंडात टाकून चालू लागायचं. कडूबाईनं आयुष्यात एक गोळी खाल्ली नाही. परत आलेलं ते परत आलेलं. ती घरी नेऊन चिरेतून आत सोडायची. चीर लहान पडली तर कानशीनं घासून मोठी करायची. कधीमधी एखादं खरं नाणंही आत जायचं, नाही असं नाही. पाहुण्यांची लेकरं गोळी मागू लागली तर ती समजावून सांगायची, "बाळांनो, पैसे खात नसतेत."

मुंग्यांनी मात्र उच्छाद मांडला. कडूबाई त्यांना मुंग्या म्हणायचीच नाही, चोरट्या म्हणायची. शेवटी सगळे गल्ले बाजेवर चढले, बाजेचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत गेले, आणि नवराबायको खाली चटईवर आले.

"अगं, आपन कुठं झोपायलोत, कळायलंय का तुला?" तात्याराव म्हणाला.

"पैशाखाली," कडूबाई म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

अशात बजरंगशेठनं किराण्याला लागून फर्निचरचं दुकान टाकलं. दारातच ते कपाट उभं केलेलं. कडूबाईनं त्याच्या आरशात स्वतःला पाहिलं आणि घरी येऊन एकेक गल्ला हलवून बघितला. एकही वाजत नव्हता, इतके ठासून भरलेले. बाजाराच्या दिवशी तिनं तात्यारावाला बैलगाडी जुंपायला लावली. त्यानं जुंपली, कारण बायकोची फजिती फुकटात बघायला मिळणार होती.

दुकानाच्या पायरीवर चादर अंथरून कडूबाईनं गल्ले फोडले. प्रत्येकाला आधी हात जोडले, मग दगड घातला. हत्तीच्या वेळी तिचा जीव कालवला, पण तिनं मन घट्ट केलं. चादरीवर लाल, हिरव्या, पिवळ्या गोळ्यांचा ढीग लागला. काही एकमेकींना चिकटल्या होत्या, काही वितळून पुन्हा घट्ट झाल्या होत्या.

"ह्ये घ्या," ती म्हणाली, "आन् कपाट गाडीत चढवा."

शेठ आधी हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "मावशी, ह्या तर गोळ्या हायेत."

"व्हय. तुमीच दिल्यात. देताना रुपया व्हती, आता घेताना कामून न्हाई?"

"आवो, मुदत संपली यांची."

"रुपयाची मुदत संपती का शेठ?"

एवढ्यात बाजार गोळा झाला. दुकानाच्या बाकड्यावर दत्तोपंत पेपर वाचत बसले होते. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं गावातला कोणताही मामला त्यांच्यापुढं आपोआप जायचा. त्यांनी पेपरची घडी घातली, एक गोळी उचलून उजेडात धरली, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बजरंग, मी इतकी वर्षं तुझ्याकडून सामान नेतो," ते म्हणाले. "माझ्या वाट्याच्या सगळ्या मी खाल्ल्या. म्हणजे माझ्या हिशेबानं मी एक टेबलफॅन चघळून संपवला."

जो तो आपण काय काय खाल्लं ते आठवू लागला. एकानं मोटारसायकलचं पुढचं चाक खाल्लं होतं. एक बाई पदराला तोंड पुसत म्हणाली, तिच्या घरातल्यांनी मिळून शिलाई मशीन गिळली. तात्याराव फजिती बघायला आला होता. पानाच्या दुकानातून येताना आपण रोज गोळी चघळत आलो हे आठवून तो गाडीच्या चाकापाशी मटकन बसला.

शेठला घाम फुटला. "पंत, आज हिच्या घेतल्या तर उद्या सगळं सोनपेठ पोती भरून आणील की."

"नाही," पंत म्हणाले. "तोंडात टाकली तो खाऊ, गल्ल्यात टाकली तो पैसा. ज्यानं त्यानं घेताना ठरवायचं. या बाईंनी पैसा ठरवला आणि मोह टाळून तो पाळला."

"मंग उद्यापासून सगळेच गल्ल्यात टाकतेल."

"मग तू उद्यापासून सुट्टे देत जा."

बजरंगशेठनं आधी कपाटाकडं बघितलं, मग बरणीकडं. गोळी म्हणजे रुपया नाही म्हटलं तर उद्यापासून सुट्टे द्यावे लागतील, हा विचार त्याला सोसवेना. त्यानं मुकाट्यानं किराण्याचा मोठा काटा बाहेर आणला. मोजत बसलं तर पोळा उजाडला असता, म्हणून गोळ्या तोलून घेतल्या. कपाटाच्या किमतीला वजन जरा कमी भरलं, तर पंतांनी मुंग्यांची घट धरायला सांगितली, आणि व्यापारी माणूस असल्यामुळं घट म्हटल्यावर शेठनं ती मान्य केली.

कपाट घरी आलं. भिंतीला लावलं, पुसलं, किल्ली कडूबाईच्या कमरेला गेली. तात्याराव जरा वेळ आरशात मिशा बघत राहिला, मग आत जाऊन आपल्या धोतरांचा आणि सदऱ्यांचा गठ्ठा घेऊन आला.

"ह्ये वरच्या कप्प्यात बसंल," तो म्हणाला. "खाली बियाण्याच्या पिशव्या ठिवू."

कडूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग खालच्या दोन फळ्या उचकटून बाजूला ठेवल्या, पातळ सावरलं, कपाटात शिरून मांडी घातली, आणि आतून दार ओढून घेतलं.

आत अंधार होता, नव्या रंगाचा वास होता, आणि कुणाचा हात नव्हता. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती पुसायची पण घाई नव्हती, कारण बघणारं कुणी नव्हतं.

बाहेर तात्याराव गठ्ठा घेऊन उभाच होता. त्या घरात त्यानं आजवर कोणतंच दार वाजवलं नव्हतं, त्यामुळं कसं वाजवतात ते त्याला नीट ठाऊक नव्हतं. शेवटी त्यानं एका बोटानं पत्र्यावर टकटक केलं.

"कोण हाय?" आतून आवाज आला.

"मी. तात्याराव."

"काय काम काढलं?"

तात्यारावानं विचार केला. "काम न्हाई," तो म्हणाला. "तू हायेस का, ते बघायलोय."

"हाय," कडूबाई म्हणाली. "बसा भायेर जरा."

आणि तात्याराव गठ्ठा मांडीवर घेऊन, कपाटासमोर, खाली बसला.