झाकणाखालचं रबर

१४ मे १९८७. ऊन सकाळपासूनच कडक, वारा कोरडा, आभाळात ढगाचा ठिपका नाही. धुळीत समोरची बाभळ धुरकट दिसत होती.

मी तलवाड्याजवळच्या एका वस्तीच्या दूध संस्थेची जीप बोलतेय. आधी मी सरकारी होते. साहेबांना धरणाच्या कामावर नेत-आणत म्हातारी झाले आणि लिलावात निघाले. संस्थेने मला घेतलं, मागचं टप काढून फळ्यांचा हौदा बसवला. साहेबांच्या जागी दुधाचे कॅन आले. मला ते आवडलं. कॅन निदान दार आपटत नाहीत.

जाताना दूध, येताना पेंडीची पोती, हे माझं काम. दूध तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर जायचं आणि दूध घालणाऱ्या संस्थेलाच तिथून पेंड मिळायची. दुसरा चारा त्या वर्षी उरलाच नव्हता. म्हणून मी पोचले तर वस्तीतली जनावरं जगणार, इतका सरळ हिशेब होता.

माझा ड्रायव्हर जालिंदर. लेकीला जपावं तसं त्याने मला जपलं. फाल्गुनात रस्त्यालगत रोजगार हमीचं खडीचं काम निघालं आणि धूळ माझ्या टाकीत जाऊ लागली. कार्बोरेटर दोनदा तुंबला. मग जालिंदरने सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर गोल कापलं, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाखाली बसवलं आणि झाकण करकचून आवळलं.

"आता मुंगीसुद्धा आत जाणार न्हाई," तो म्हणाला. संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांनी त्याची पाठ थोपटली.

त्यानंतर मी बंद पडू लागले.

घरून निघताना ठणठणीत असायचे. खडीच्या कामापाशी आले की दम लागायचा, दोन आचके द्यायचे आणि गप्प. तिथे खडी फोडणाऱ्या बाया हातातला हातोडा थांबवून बघायच्या.

"जालिंदर, रुसली का रं नवरी पुन्हा?" भिमाबाई ओरडायची. "ढकलू का ओवाळू?"

"ओवाळ की, पन आधी ढकल."

भिमाबाई विधवा. पहाटे म्हशीची धार काढायची, दूध संस्थेत घालायची आणि मग खडीवर यायची. तिचं दूध माझ्याच हौद्यात असायचं. म्हणून थट्टा करून झाली की ती आपली पाण्याची कळशी घेऊन यायची. इंजिन तापतं, पेट्रोलचा पंप निवला की चालतं, असं जालिंदरचं मत. भिमाबाई पिण्याच्या पाण्यातून फडकं भिजवून द्यायची, जालिंदर ते पंपावर ठेवायचा. तेवढ्यात टाकीचं झाकण उघडून, काडी घालून पेट्रोल बघायचा, पुन्हा आवळायचा. थोड्या वेळाने मी सुरू व्हायचे.

"पाण्याचा गुण," भिमाबाई म्हणायची आणि दिवसभर कोरड्या घशाने खडी फोडायची.

गुण पाण्याचा नव्हता. मला ठाऊक होतं, पण मला हॉर्नाखेरीज वाचा नाही.

गॅरेजवाल्या त्रिंबकने प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला. त्याच्या दारात मी तासभर चालायचे. कारण तोही पहिल्यांदा झाकण उघडून पेट्रोलच बघायचा. इकडे उशिरामुळे दोनदा दूध नासलं. केंद्राने सुंदररावांना बजावलं: आणखी एकदा नासलं दूध आलं, तर तुमच्या संस्थेचं दूध बंद.

त्या चौदा तारखेला त्रिंबक स्वतः माझ्यात बसला. "गॅरेजमधी ही सोंग करती. जिथं बंद पडती तिथंच बघू."

खडीपाशी मी बंद पडले. भिमाबाई कळशी घेऊन धावली. जालिंदरचा हात झाकणाकडे गेला.

"हात लावू नको बे!" त्रिंबक ओरडला. "कशालाच न्हाई. रोज तुमी काहीतरी करता, ही चालू हुती, आन दोष लपून बसतो."

"आरं, पन दूध? आधी पोचवू, मग बघ."

"पोचवून ये. उद्या पुन्हा इथंच बसशील."

जालिंदरने कॅनवर ओली पोती टाकली आणि उन्हाकडे बघितलं. मग म्हणाला, "बघ. पन आजच सापडव."

त्रिंबकने प्लग काढला. ठिणगी होती. पंपाची नळी सोडली, हाताने पंप मारला. पेट्रोलचा थेंब नाही. पंप खोलला, पडदा उन्हात धरून बघितला, शाबूत होता. तो पुन्हा बसवण्यात ऊन डोक्यावर आलं. मग तो टाकीपाशी आला आणि झाकण हळूच सैल केलं.

हुश्श, असा मी श्वास आत ओढला. या खेपेस दोघांनी ऐकला. नळीतून पेट्रोल पडू लागलं.

त्रिंबकने झाकण उलटं केलं. "हे रबर कुनी लावलं?"

"मी. धुळीसाठी."

"झाकनाला बारीक भोक असतं ते कावून असतं? जेवढं पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत लागती. तू धुळीसंगं हवाबी कोंडली."

भिमाबाईने कळशीत डोकावून बघितलं. "मंग माझं पानी?"

"उगंच गेलं, मावशी," त्रिंबक म्हणाला.

रबर खडीत फेकलं. मी एका दमात केंद्रावर पोचले. तिथल्या माणसाने काचेच्या नळीत थोडं दूध घेऊन उकळलं. ते फाटलं. कॅन मागच्या नालीत ओतले. कुत्रीही सावलीतून उठली नाहीत.

बाबांनो, गाडी अडली की तिच्यात काय कमी आहे तेच तुम्ही बघता. आत काय कोंडलंय, तेही एकदा बघत जा. एवढंच माझं मागणं.

२३ मे १९८७. ऊन कडक, दुपारी वावटळ. केंद्राने आमचं दूध बंद केलं, नऊ दिवस पेंड आली नाही. फळ्यांचा उतार करून भिमाबाईची म्हैस माझ्या हौद्यात चढवली. भिमाबाई तिच्या शेजारी दावं धरून उभी राहिली. जालिंदरने झाकणाचं भोक टाचणीने साफ केलं आणि मला सुरू केलं. वस्तीपासून गुरांच्या बाजारापर्यंत इंजिन एकदाही बंद पडलं नाही.