मनुबाईची जागा

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर चढवला आणि पेनाचं टोक टेकवलं.

"हे बघा आजी. इथं."

धातूच्या गुडघ्याच्या जरा वर, जिथं मांडीचं हाड मोडलं होतं, तिथं इतके महिने काळी फट दिसायची. आज ती भरून आली होती. मनुबाईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा, कुंडलिकचा चेहरा बघितला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"जुललं?"

"जुळलं. काठी घ्या आणि बिनधास्त वजन टाका."

"मंग बाजारान बसू?"

"खुर्चीवर. उकिडवं बसायचं नाही, मासळीची पाटी उचलायची नाही."

"खुर्ची त खुर्ची," मनुबाई म्हणाली.

पंच्याण्णव साली तिनं गुडघा बदलून घेतला, तेव्हा अख्खा चेंदणी कोळीवाडा तो बघायला लोटला होता. केवढा तोरा तिचा! आणि वर्ष सरायच्या आत बाई मोरीत घसरली. डॉक्टरांनी आतून धातूची पट्टी ठोकली, तरी हाड काही जुळेना. उतारवयातलं ठिसूळ हाड, त्यात खाली धातू. ते आपल्या सवडीनं जुळणार, असं डॉक्टर म्हणायचे. शेवटी पुन्हा कापावं लागलं, कमरेचं हाड काढून त्या फटीत भरावं लागलं. शेजारच्या ठमाबाईनं हाडवैद्याचा लेप सुचवला, तर मनुबाई कडाडली, "जल्ला तुजा लेप! लोखंडाला काय चोलतेस?"

जन्मात कुणाचं न ऐकलेली ही बाई डॉक्टरांचं मात्र मुकाट ऐकत राहिली. पाय टेकू नको म्हटलं, टेकला नाही. कारण एकच, बाजारातली जागा. सासूनं दिलेली, खांबाशेजारची, मोक्याची. तिथं आता सून बसत होती, शालू. लग्न होऊन आली तेव्हा गिऱ्हाइकाकडं मान वर करून बघायची नाही अशी पोर. पण एकदा तिथं बूड टेकलं की कोण उठतंय, या धास्तीनं मनुबाईला खाटेवर चैन नव्हती. रोज संध्याकाळी ती शालूची उलटतपासणी घ्यायची आणि प्रत्येक भावाला नाक मुरडायची.

दुसऱ्याच दिवशी, कुंडलिक वागळे इस्टेटला कामावर गेल्या गेल्या, ती रिक्षा करून बाजारात हजर झाली. खांबाच्या मागं जरा दम खायला थांबली, तर पलीकडून एका गिऱ्हाईकबाईचा आवाज आला.

"मावशी काही आता येत नाहीत वाटतं. म्हणजे जागा तुझीच झाली की!"

"नाय वो," शालू म्हणाली. "जागा आयची. मी राखतंय नुसती. ती आली का मी उठनार."

"मग तू काय करशील?"

कोयत्यावर शालूचे हात सपासप चालले होते, ते तेवढे थांबले. मग तिनं हलवा मासळीचा शेवटचा तुकडा पाडला, पुडी बांधली आणि हसून बाईच्या हातात दिली. मनुबाईच्या मनात आलं, इतके महिने आपण हिला चोरासारखी तपासत होतो.

ती काठी टेकत पुढं आली.

"आली गो, मनुबाई आली!" शेजारणींनी एकच गलका केला. शालू हात पुसत धडपडत उठली आणि जागा सोडून बाजूला झाली. कुणीतरी खुर्ची आणायला धावलं. खाटेवर पडल्या पडल्या मनुबाईनं हेच शंभरदा डोळ्यांपुढं आणलं होतं.

"बस खाली," ती म्हणाली.

"आय, पन तू..."

"बस सांगते ना!"

शालू बसली. मनुबाई काठीवर रेलून वाकली आणि बोटानं एका हलव्याचा कल्ला उचकटून बघू लागली. असं करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हातावर तिनं चाळीस वर्षं चापट्या मारल्या होत्या.

"कसा दिलास गो?"

शालूनं हळूच भाव सांगितला.

"जल्ली मेली! लुटतेस काय?"

आजूबाजूच्या बायका श्वास रोखून बघत होत्या. शालूनं पदर खोचला, मान वर केली आणि सासूच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"परवडत असंल त घे मावशी, नायतर बाजूला हो. मागं गिऱ्हाईक हाय."

मनुबाई खो खो हसली, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं गिऱ्हाईक होऊन मासळी विकत घ्यायला बटवा काढला.